भिंतीवरचं ताट

वसतिगृह, ४ ऑगस्ट

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र नाही, म्हणजे गुडघा कुरकुरतोय किंवा तू रागावली आहेस. गुडघा असेल तर शेक घे. राग असेल तर स्मरणदिनापर्यंत पुरव. तेव्हा तू इथे येशीलच.

परवा नव्या मुलांना भोजनगृहातली भिंत दाखवली. शाळा सोडताना प्रत्येकाने ताटाच्या पाठीवर खिळ्याने आपलं टोपणनाव कोरायचं आणि ताट पुढच्या मुलाला द्यायचं. युद्धात गेलेल्यांची ताटं मात्र पुढे दिली नाहीत, पाठ दिसेल अशी भिंतीवर लावली, हे सांगितलं. काकांच्या ताटावरचं ‘बगळा’ वाचून मुलं हसली. हसू दिलं. मग काका आघाडीवर कसे पडले ते सांगितलं. नंतर कोणी हसलं नाही.

यंदा स्मरणदिनी नुसती नावं पुकारून आणि मुलांनी त्यांच्या वतीने ‘हजर’ म्हणून भागणार नाही. प्रत्येकाची हकिगत वाचायची आहे, सुरुवात काकांपासून. शहिदाच्या घरातला माणूस उपमुख्याध्यापक झाला तर शाळेला शोभेल, असं मुख्याध्यापक म्हणाले. तेव्हा काकांच्या शेवटच्या दिवसांचं आठवेल ते कळव. बाबा तेव्हा पाळण्यात होते, आजोबा या विषयावर कधी बोलले नाहीत. तूच उरलीस.

माझ्यावरची माया उतू जाऊ दे, कमी नको.
तुझा भाचा


११ ऑगस्ट

चि. मास्तर यास,
अनेक आशीर्वाद.

गुडघा बरा आहे. रागही नाही. तुझं पत्र चार वेळा वाचलं आणि चार वेळा उशीखाली ठेवलं.

हकिगत लिहायची तर तुझा काका जिवंत आहे, इथून सुरुवात करावी लागेल. बसून वाच.

तो बेपत्ता असल्याचा निरोप आला. तुझे आजोबा तेव्हा मुख्याध्यापक. इतर बापांना त्यांनी खात्री होईपर्यंत वाट पाहू दिली होती. स्वतःच्या मुलाला झुकतं माप दिलं असं कोणी म्हणू नये, म्हणून त्यांनी त्याच संध्याकाळी ताट भिंतीवर लावलं. हिवाळ्यात तो स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी येऊन उभा राहिला. पळून आला होता. शाळेत त्याच्या बाकावर बसणारा ढब्बू आघाडीवर त्याच्या डोळ्यांदेखत गेला. हा पाठ फिरवून चालू लागला तो थांबलाच नाही. दार मी उघडलं. आजोबांनी त्याला पोटभर जेवू घातलं आणि सांगितलं, की ढब्बूची आई दर रविवारी दोन्ही ताटं पुसायला येते, तिच्यादेखत एक ताट मला उतरवता येणार नाही. तो उठला, हात धुतले आणि गेला.

दोन गावं सोडून तो कवळ्या बनवतो. हात चांगला आहे. माझी कवळी त्याचीच. दरवर्षी तीच घालून मी त्याच्या स्मरणाला पहिल्या बाकावर बसते. तिथे तोंड उघडायची लाज वाटते, ती दातांमुळे नाही.

आता तो थकलाय. एकदा ते ताट बघायचंय म्हणतो. मी आजवर टाळलं. तू काय म्हणतोस?

सुखी राहा आणि लवकर लिही.
आत्या


२३ ऑगस्ट

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

लवकर लिहिता आलं नाही. आधी तुझा राग आला, मग त्यांचा. वर्गात मुलांकडे बघवेना. इतकी वर्षं मी ज्या माणसाच्या नावाने छाती पुढे काढत आलो, तो पळाला होता, हे पचायला जड गेलं. खरं सांगतो, त्यांची लाज वाटली. मग ते हात धुऊन गेले, हे तुझं वाक्य आठवत राहिलं.

त्यांना घेऊन ये. मी सगळ्यांसमोर ओळख करून देईन. हकिगत नव्याने लिहायला घेतली आहे.

शब्द दिला आहे, विश्वास ठेव.
तुझा भाचा


१७ सप्टेंबर

चि. मास्तर यास,
आशीर्वाद.

स्मरणदिनी मुख्याध्यापकांनी हे कोण म्हणून विचारलं, तेव्हा तू म्हणालास, आत्यांबरोबर आलेले एक पाहुणे. मग व्यासपीठावर जाऊन जुनीच हकिगत वाचलीस. आघाडीवर पडलेला काका ऐकायला काका तिसऱ्या बाकावर बसला होता.

‘बगळा’ पुकारताना तू छताकडे बघत होतास. मी त्याच्याकडे. त्याचे ओठ हलले. पण मागच्या रांगेतला मुलगा त्याच्या आधी हजर म्हणाला. मग सगळे उभे राहिले, तोही उभा राहिला, आणि स्वतःसाठी मान खाली घालून थांबला. परतीच्या गाडीत एवढंच म्हणाला, की त्या मुलाचा आवाज खणखणीत आहे.

मला तुझी लाज वाटते, असं लिहायला बसले होते. पण मीही तिथेच होते, आणि मीही उठून काही बोलले नाही.

आशीर्वाद आहेतच, ते परत घेता येत नाहीत.
आत्या


कवळ्यांचं दुकान, २४ सप्टेंबर

चि. मास्तर यास,
आशीर्वाद.

तुझ्या आत्याने तुला काय लिहिलं, ते मला वाचून दाखवलं. मनावर घे, पण फार घेऊ नकोस. पळणं आपल्या घरात आहे. मी तोफांना भ्यालो, तुझे आजोबा एका आईला, तू मुख्याध्यापकांना. पिढीगणिक भीतीचं कारण लहान होत चाललंय, ही प्रगतीच म्हणायची.

तुमचे उकडलेले बटाटे अजून अळणीच आहेत. आचारी बदलले, हात तोच.

एक काम आहे. माझं ताट ढब्बूच्या ताटाला लागून आहे, हे मला माहीत नव्हतं. आघाडीवर तो राहिला, मी नाही. त्याच्या शेजारी मला लटकून राहवत नाही. जेवताना वर बघता येईना. तेवढं ताट उतरव. गाजावाजा नको, भोजनगृहात कोणी नसताना उतरव. खिळा सरळ काढ, कामाला येईल.

ओळख ठेव.
काका


२ ऑक्टोबर

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

हा मायना तुमच्यासाठी पहिल्यांदाच लिहितो आहे. हात अवघडला.

तुम्ही सांगितलंत तसा कोणी नसताना गेलो. शिडी लावली, ताटाला हात लावला, आणि वाटलं, की हे पुन्हा मागचंच दार झालं. शिडी तशीच ठेवून खाली उतरलो.

जेवणाच्या वेळी सगळे बसल्यावर चढलो. ताट उतरवलं. बगळा हे माझे काका, ते जिवंत आहेत, युद्धातून पळून आले, ढब्बूशेजारी आपलं ताट नको असं त्यांनीच कळवलंय, हे सांगितलं. त्या दिवशीचे पाहुणे तेच होते आणि पाहुणे मी म्हणालो, हेही सांगितलं. शेवटचं वाक्य नीट निघालं नाही. मागच्या बाकांसाठी पुन्हा म्हणावं लागलं. कोणी हसलं नाही. तुमच्या वतीने हजर म्हणणाऱ्या मुलाने विचारलं, की मग मी खोटं बोललो का. मी म्हटलं, तू नाही.

मुख्याध्यापकांनी मला सोमवारी बोलावलं आहे. उपमुख्याध्यापकपदाचं नाव आता कोणी काढत नाही. तेव्हा तुम्ही आणि आत्या रविवारी जेवायला या. तोवर तरी मी इथे आहे. ताट घासून ठेवलं आहे. खिळा सरळ निघाला. मीठ सोबत आणावं.

जेवणाआधी हजेरी होते. तुमचं नाव मी पुकारीन, तुमच्याकडे बघून. उत्तर दुसरं कोणी देणार नाही.

लोभ मागायला तोंड नाही; तरी असावा.
आपला पुतण्या