पसंतीक्रम

प्रिय दगडूबाई,

पत्र बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. दर बुधवारी फोन करणारी ताई एकदम पत्र का लिहायला बसली, असं तुला वाटेल. फोनवर जे जमत नाही ते कागदावर जमतंय का, बघते आहे. आई-बाबांना मात्र हे दाखवू नकोस.

इकडे सगळं नेहमीसारखं. तू मैत्रिणींना सांगतेस की ताई औषधं बनवते. बनवत नाही गं, बनलेल्यांची राखण करते. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक खेपेतल्या थोड्या गोळ्या माझ्याकडे ठेवणीत राहतात. ठरलेल्या महिन्याला त्यातल्या काही काढायच्या, विरघळवायच्या, यंत्राला द्यायच्या आणि अजून दम आहे का ते पाहायचं. पूर्वी प्रत्येक नोंदीखाली दोन सह्या लागायच्या, एक करणाऱ्याची आणि एक शेजारी उभं राहून बघणाऱ्याची. माझं बघायला मोठ्या मॅडम असायच्या. सही करता करता सुनेच्या कागाळ्या सांगायच्या आणि मी वैतागायचे. त्या निवृत्त झाल्या आणि बघण्याचं काम संगणकाकडे गेलं. आता दिवसभर यंत्राची घरघर तेवढी सोबतीला असते.

मागच्या सोमवारी गेटवरच्या पहारेकरीकाकांनी सहज विचारलं, बऱ्या आहात ना, आणि माझ्या तोंडून आवाजच फुटेना. घसा खाकरल्यावर लक्षात आलं, शुक्रवार संध्याकाळपासून मी कोणाशी एक शब्द बोलले नव्हते. आधी हसू आलं, मग प्रयोगशाळेचं दार लावल्यावर रडू आलं. मला इथे फार एकटं वाटतं. घरी कधी सांगितलं नाही, कारण माझी नोकरी हा घरातला कौतुकाचा विषय; त्यावर विरजण कशाला घालायचं.

आता तुझ्याकडे वळते. गेल्या महिन्यात मी घरी आले होते आणि तू भूगर्भशास्त्राचं नाव काढलंस, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सायन्स शिकलेली घरात मीच. मी म्हणाले, दगडांना कोण पगार देतं. बाबा पोट धरून हसले, तूही हसलीस, आणि हातातला हिरवट खडा हळूच खिशात टाकलास. ते मला दिसलं होतं. तरी मी रसायनशास्त्राचं गुणगान सुरू केलं. त्यात खोटं काही नव्हतं. आमच्या वर्गातल्या एकूण एक जणांना नोकरी लागली. पण भूगर्भवाल्यांनाही लागते, हे मला ठाऊक होतं. कारखान्याच्या नव्या इमारतीचा पाया खणायच्या आधी जमीन तपासायला एक बाई आल्या होत्या, चिखलाने भरलेले बूट घालून. तुझ्यासाठीच मी त्यांना खोदून खोदून विचारलं. बोगदे, धरणं, खाणी, सगळीकडे माणसं हवीत आणि मिळत नाहीत, असं त्या म्हणाल्या. तुझ्यासाठी स्वतःचा नंबरही दिला. घरात मी यातलं अवाक्षर काढलं नाही.

का, ते लिहिताना लाज वाटते. रसायनशास्त्राचं कॉलेज माझ्या खोलीपासून चालत दहा मिनिटांवर आहे आणि भूगर्भशास्त्राचं पार लांब, रेल्वेने एक अख्खा दिवस. तुझा निकाल लागायच्या आधीच मी टेप घेऊन खोली मोजली, कपाट सरकवलं आणि दुसरा पलंग आणून टाकला. खिडकीकडचा तुझा, हेही परस्पर ठरवलं. रोज कामावरून आले की त्याची चादर नीट करते, जशी काही तू सकाळीच उठून गेली आहेस. तुझ्या भल्याचं म्हणून जे सांगितलं, ते माझ्या सोयीचं होतं.

आणि खरी गोष्ट पुढेच आहे. तुझा अर्ज मी इथून भरला. पसंतीक्रमात पाचही जागांवर माझ्याच शहरातली कॉलेजं टाकली. तुझं ते कॉलेज यादीत येतच नाही, असं तुला सांगितलं. येतं गं. अर्जात बदल करायला पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत मुभा आहे. पासवर्ड आणि त्या बाईंचा नंबर या कागदाच्या मागे लिहिला आहे. त्यांना फोन कर, नीट विचार, आणि तुला हवं ते पहिल्या जागी टाक. फक्त त्याआधी मला विचारू नकोस. तुझा आवाज ऐकला की मी पुन्हा रसायनशास्त्रच सांगेन.

रागावलीस तरी तुझीच,
ताई