राष्ट्रीय अध्यक्ष, मुक्काम चिखली

१५ ऑक्टोबर, मंगळवार

निवडणूक लागली! दुपारी बातमी आली आणि अर्ध्या तासात मी निर्णय घेतला. चिखली विधानसभेला उमेदवार दुसरा-तिसरा कोणी नाही— मी स्वतः. प्रवासी हक्क पक्षाचा राष्ट्रीय अध्यक्ष स्वतः मैदानात!

निर्णय घ्यावाच लागणार होता म्हणा. दिल्लीहून निवडणूक आयोगाचं पत्र महिनाभर टेबलावर पडून आहे. सहा वर्षांत पक्षाने एकही निवडणूक लढवलेली नाही, तरी नोंदणी का रद्द करू नये? लढवली नाही म्हणजे काय, तयारी चालू होती! पण सांगणार कोणाला. लढलो तर पक्ष राहतो. नाही लढलो तर घराच्या फाटकावरची पक्षाची पाटी काढावी लागेल, आणि ती पाटी मी जिवंतपणी काढणार नाही.

तेहतीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होतो. प्रवाशांचं दुःख मला नाही कळणार तर कोणाला कळणार? म्हणून निवृत्त झाल्यावर पक्ष काढला. शंभर सभासदांची प्रतिज्ञापत्रं जमवली. त्यात कडूबा पानवाल्याचा साडू बऱ्हाणपूरचा, म्हणजे मध्य प्रदेशचा. झाली की दोन राज्यं! म्हणून पक्ष राष्ट्रीय आणि मी राष्ट्रीय अध्यक्ष. लोक हसतात. हसू देत.

कौशल्याला सांगितलं. म्हणाली, “राहा उभे. पन आधी तेवढं दळन आना.”

२४ ऑक्टोबर, गुरुवार

आमच्यासारख्या पक्षाच्या उमेदवाराला दहा सूचक लागतात— याच मतदारसंघातले दहा मतदार, ज्यांनी अर्जावर सही करायची. मोठ्या पक्षाला एकच पुरतो. यालाच मी अन्याय म्हणतो.

चार दिवसांत सात झाले. एकाने सही केली आणि संध्याकाळी येऊन म्हणतो, “भगवंतराव, मह्यं नाव काढा, पोरगं आमदारसायबाच्या शाळेत नोकरीले हाय.” सभासद शंभर आहेत, पण निम्मे आता पुण्याला, काही देवाघरी. कडूबा— आमचा राष्ट्रीय सरचिटणीस, स्टँडसमोर त्याची पानटपरी— गिऱ्हाइकांना पान देता देता विचारतो, “सही करता का बे?” अशाने पक्षाची काय इज्जत राहणार! तरी दहा होतील. होणारच.

२७ ऑक्टोबर, रविवार

झाले दहा.

२८ ऑक्टोबर, सोमवार

वकिलांनी सुचवलं, डमी अर्ज भरून ठेवा. सगळेच भरतात. मुख्य अर्जात काही खोट निघाली तर पर्यायी उमेदवार असावा, म्हणून बायकोच्या नावाने दुसरा अर्ज. माझ्या अर्जात खोट कसली निघते? पण मोठे पुढारी करतात ते आपणही करावं. पक्षाच्या फॉर्मवर उमेदवार म्हणून मी, पर्यायी म्हणून सौ. कौशल्याबाई. खाली सही राष्ट्रीय अध्यक्षाची, म्हणजे माझीच.

तिलाही दहा सूचक लागणार. म्हटलं, आता कुठून आणायचे एका दिवसात? ती बचत गटाच्या बायकांकडे गेली. भाजी फोडणीला टाकून गेली होती, ती शिजायच्या आत परत आली. दहा सह्या! गंमत म्हणून केल्या असतील.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

आज अर्ज भरला! असा दिवस आयुष्यात एकदाच येतो.

गांधी टोपी, नवं जाकीट. दोन ढोल. बसस्टँडपासून मिरवणूक— साठ माणसं होती, कडूबा दोनशे सांगत फिरतोय, मी नाही म्हटलं नाही. चौकात थांबून मी शपथ घेतली. स्वतः लिहिलेली! ‘फाट्यावर उभ्या असलेल्या शेवटच्या माणसाला साक्षी ठेवून...’ बायाबापड्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. निदान एकीच्या तरी.

कार्यालयात अर्ज दिला. बाहेर ढोल थांबत नव्हते. तिथला कारकून म्हणाला, “काका, शपथ राह्यली. थोडं बसा, नंबर आला की साहेब देतील.” मी म्हटलं, “आत्ताच घेतली की चौकात, सगळ्या चिखलीसमोर!” तो आणखी काही म्हणत होता, पण लोक बाहेर ताटकळले होते. पुढाऱ्याने लोकांना ताटकळत ठेवू नये. निघालो. सभा दणक्यात झाली.

कौशल्या मात्र सभेला आलीच नाही. दिवेलागणीला रिक्षाने घरी आली. म्हणे, “त्यायनं बसा म्हनलं, म्हून मी बसली.” तीन तास! मी चांगलाच बोललो तिला. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी सभा आणि बायको बाकावर बसून राहिली.

३० ऑक्टोबर, बुधवार

अर्ज बाद.

माझा. छाननीत साहेब म्हणाले, अधिकाऱ्यासमोर शपथ घेणं बंधनकारक आहे, मुदत काल संपली. मी म्हटलं, चौकात घेतली, साठ साक्षीदार आहेत! ते म्हणाले, “भगवंतराव, ती शपथ तुमची. कायद्याची वेगळी.” मागे कोणीतरी फसकन हसलं.

मग दुसरा अर्ज पुढे घेतला. सूचक दहा, बरोबर. शपथ घेतलेली, बरोबर. पक्षाचा फॉर्म, बरोबर. प्रवासी हक्क पक्षाच्या अधिकृत उमेदवार— सौ. कौशल्याबाई!

तिने कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पदर नीट केला. बास.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

कोणाशी बोललो नाही. फराळाला हात लावला नाही. (चकल्या दोन.)

२ नोव्हेंबर, शनिवार

विचार केला. घाबरण्यासारखं काही नाही. नाव तिचं, पक्ष माझा. मतं पक्षाला पडतात. ती स्टेजवर बसेल, बोलायचं काम माझं. उलट बरंच झालं— राष्ट्रीय अध्यक्षाने एका मतदारसंघात अडकून पडू नये.

३ नोव्हेंबर, रविवार

नारायणराव येऊन गेले. मोठ्या पक्षाचे तालुक्यातले सगळ्यात वजनदार गृहस्थ. आजवर त्यांनी आमच्या दाराकडे मान वळवून पाहिलं नव्हतं, आज खुर्चीत बसून दोन कप चहा घेतला. म्हणाले, “उद्या तीनपर्यंत माघार घ्या. आमच्या दोन-तीन हजार मतायचा सवाल हाय. तुमचा मान ठिवू. एखाद्या समितीवर घेऊ तुमाले.”

समिती! खोटं कशाला लिहू, मन हललं. मी म्हटलं, विचार करून सांगतो.

तेवढ्यात ही आतून आली. हाताला बेसन. “नारायणराव, शपथ मी घेतली ना? मंग इचारायचं तं मले इचारा.” त्यांनी कप खाली ठेवला. “बरं वैनी, तुमाले इचारतो,” म्हणाले. तर ही म्हणते, “नाई.”

एवढंच. आणि लाडू वळायला आत गेली. नारायणराव तिसरा कप न घेताच उठले. गेल्यावर मी तिला सुनावलं की पक्षाचे निर्णय राष्ट्रीय अध्यक्ष घेतो. ती म्हणाली, “घ्या की. तुमचं काय होतं मनात?” मी म्हटलं, तेच. नाहीच.

५ नोव्हेंबर, मंगळवार

चिन्ह मिळालं— शिट्टी! कंडक्टरच्या पक्षाला याहून शोभून दिसणारं काय असणार?

८ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रचार जोरात. आज तीन गावं. मी चाळीस मिनिटं बोललो, ‘प्रवासी आणि लोकशाही’ यावर. भाषण उत्तम झालं. शेवटी पाच जण उरले होते, पण पाचही जण मन लावून ऐकत होते. एक सतरंजीवाला.

हिला जीप चालत नाही, मळमळतं. म्हणून ही एस.टी.नेच गावोगाव फिरते, बचत गटाच्या दोघी-तिघी बरोबर. बसमध्ये बायकांशेजारी बसते आणि विचारते, “तुमच्या फाट्यावर गाडी थांबते का वं बाई? पोरी कालेजात कशा जातात?” जे सांगतील ते शाळकरी वहीत उतरवते. याला काय प्रचार म्हणायचं? मत द्या म्हणून मागत पण नाही. मी म्हटलं, अगं मत माग! तर म्हणते, “ऐकून तं घेऊ द्या आधी.”

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आज जे झालं ते लिहू की नको, सकाळपासून ठरत नाही. लिहितो.

मेहकर रस्त्यावरच्या एका फाट्यावर मी हिच्याबरोबर गेलो होतो. तिथे गोजरबाई नावाची एक म्हातारी, सत्तरीच्या पुढची. मी हात जोडून म्हटलं, मी भगवंतराव, प्रवाशांचा सेवक. ती डोळे बारीक करून पाहत राहिली. मग म्हणाली, “तू तोच कंडक्टर ना? दोन घंट्या देनारा?”

एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. सगळ्यांना माहीत असतं.

“मही पोरगी पोटुशी होती. कळा येऊन राह्यल्या होत्या. आमी दोघी हात करून राह्यलो रस्त्यावर. डायवरनं गाडी हळू केल्ती. तू खिडकीतून आमच्याकडं पाह्यलं, अन् दोन घंट्या देल्ल्या.” लेकरू तिथेच फाट्यावर झालं. राहिलं नाही.

मी सांगायला लागलो की गाडी भरलेली असायची, हा मंजूर थांबा नव्हता, वेळापत्रक असतं. सगळं खरं आहे. मला ती बाई आठवत नाही, हेही खरं आहे. अशा किती दोन घंट्या दिल्या असतील! तेहतीस वर्षांत कोण मोजतं?

कौशल्या पुढे झाली. गोजरबाईच्या शेजारी जमिनीवर बसली आणि वही उघडली. गावाचं नाव, बाईचं नाव, काय झालं, सगळं हळूहळू लिहिलं. कंडक्टरचं नावही लिहिलं. स्वतःच्या नवऱ्याचं! लिहून झाल्यावर गोजरबाईला वाचून दाखवलं आणि विचारलं, “बरोबर लिवलं का, मावशी?”

येताना बसमध्ये आम्ही दोघं एकाच बाकावर बसलो होतो. ती खिडकीतून बाहेर पाहत होती. मला लाज वाटली. आतापर्यंत मी लाजेला कधी जवळ येऊ दिलं नव्हतं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

भाषण केलं नाही. घसा बसला, असं सांगितलं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

घसा सुटला! आज पुन्हा दोन सभा. पण छोट्या घेतल्या. ‘शेवटच्या माणसाला साक्षी ठेवून’ हे वाक्य गाळलं.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदान. सकाळी सातला रांगेत पहिला मी. यंत्रावर हिचं नाव, हिचा फोटो, आणि शेजारी शिट्टी. बटण दाबायला जरा वेळ लागला— चष्मा नव्हता, म्हणून. बाहेर आल्यावर हिने विचारलं, “सापडली का शिट्टी?” मी म्हटलं, वा! माझाच पक्ष आहे.

२३ नोव्हेंबर, शनिवार

निकाल. एक हजार नऊशे सहा मतं. अनामत गेली. आमदार दुसराच कोणी झाला, ते होणारच होतं.

पण एक हजार नऊशे सहा! कडूबाचा अंदाज होता दीडशे. माझा चाळीस हजार, ते असो. मुख्य म्हणजे पक्ष लढला, हे सरकारी कागदावर आलं. पाटी राहिली! बचत गटाच्या बायांनी हिच्यावर गुलाल टाकला. हरलेल्या उमेदवारावर गुलाल मी पहिल्यांदा पाहिला. मलाही थोडा लावला त्यांनी.

२७ नोव्हेंबर, बुधवार

दिल्लीला कळवायचा कागद भरायला घेतला तर त्यात रकाना— ‘पक्षांतर्गत निवडणूक शेवटची कधी झाली?’ आमच्या घटनेत मीच लिहून ठेवलंय, दर पाच वर्षांनी. दहा झाली. म्हटलं, घेऊन टाकू. रविवारी बैठक, हात वर करायचे, मी बिनविरोध, चहा-पोहे.

ही कांदा चिरत होती. म्हणाली, “हात नको. चिठ्ठ्या टाका. अन् महा पन अर्ज घ्या.”

“कशासाठी?”

“राष्ट्रीय अध्यक्षासाठी. बाया म्हनून राह्यल्या, वहीचं पुढं काहीतरी केलं पाह्यजे. डेपोत जावं लागन, बुलडान्याले जावं लागन. तुमी भाषन करसान. काम राहून जाईन.”

तोंडावर! पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे काही मागितलं नाही, आणि मागितलं ते हे. मी म्हटलं, ठीक आहे, लोकशाही आहे. होऊन जाऊ दे!

३० नोव्हेंबर, शनिवार

कार्यकारिणीत आम्ही दोघं धरून तेरा जण. सगळ्यांना भेटून आलो. कडूबा, त्याचा साडू, डेपोतले माझे चार जुने मित्र— सहा पक्के. सातवा मी. तिच्याकडे बचत गटाच्या पाच बाया आणि ती स्वतः, म्हणजे सहा. सात विरुद्ध सहा. निवांत झोपतो.

१ डिसेंबर, रविवार

चिठ्ठ्या मोजल्या. कौशल्या सात, मी सहा.

सगळ्यांनी कडूबाला धारेवर धरलंय. तो रडकुंडीला येऊन सांगतोय, “भगवंतराव, आईची आन, मी तुमालेच देल्लं!” कडूबा खरं बोलतोय. सातवी चिठ्ठी माझी होती.