उजव्या कानामागे

३ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

इकडे सर्व ठीक, एक माझा उजवा कान सोडून. तीन महिने झाले, आत कोणी धुणं आपटावं तसं धप धप चाललंय, बरोबर नाडीच्या ठोक्याला. काल कानाच्या डॉक्टरांकडे तिसऱ्यांदा गेले. साहेबांनी मान वर न करता एमआरआय चांगला असल्याचं सांगितलं आणि निवृत्त शिक्षिकांना एकटेपणामुळे असे भास होतात, अशी ज्ञानात भर घातली. एकटेपणाला नाडी असते हे मला या वयात कळलं. झोपेच्या गोळ्या दिल्यात, त्या केराच्या टोपलीत झोपल्यात.

वर्कशॉपात पंप उघडताना बोटं सांभाळ. लोभ आहेच, तो पातळ करू नकोस.

तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझे साहेब आमच्या वर्कशॉपात एक दिवस टिकले नसते. पंप कुरकुरतोय म्हणून गिऱ्हाईक आलं, तर मी गिऱ्हाइकाच्या स्वभावाची चौकशी करत नाही. स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला लावतो, मूठ कानाला, आणि ऐकतो. ही एवढी शिकलेली माणसं गळ्यात नळी घालून फिरतात ती काय शोभेला? तुझ्या कानामागे कोणी लावली का ती? नसेल तर लावून घे. तोवर साहेबांपुढच्या खुर्चीतून उठू नकोस.

आई कानात गिरणी चालते म्हणायची, ते आठवलं. या वेळी हसू आलं नाही. लगेच कळव, मला चैन नाही.

तुझा धाकटा

१८ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

उठले नाही. भास बाहेरून ऐकू येत नसतो, असं साहेबांनी मला चौथीतल्या पोरीसारखं समजावलं. शेवटी कटकट मिटावी म्हणून कानामागे नळी लावली, तर धप धप त्यांनाही ऐकू आली.

मग रक्तात रंग सोडून डोक्यातल्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढले. एक धमनी भलतीकडे वळून थेट शिरेला जोडली गेलीय. प्रकार दुर्मिळ, साध्या एमआरआयमधून निसटतो म्हणे. शीर फुटली तर मेंदूत रक्तस्राव. सोमवारी मांडीतून बारीक नळी वर नेऊन ती वाट बुजवणार आहेत. भीती वाटते रे.

आतापर्यंत डॉक्टरकीचे सात विद्यार्थी कानामागे नळ्या लावून गेले. तीन महिने कोणी ऐकेना, आता रांग लागलीय.

तुझी ताई

२९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

वाट बुजली. कान शांत आहे. रोगाचं निदान वेळेवर झालं, असं साहेब सगळ्यांना सांगतात. कोणामुळे झालं, ते सांगायचं राहून जातं.

त्यांना पत्रभर नावं ठेवायला बसले होते. पण या शांततेत आईच आठवते. ती कानातलं सांगायला लागली की मी गिरणीचा आवाज काढायचे आणि तू हसून लोळायचास. एका दुपारी ती ओट्यापाशी कोसळली. तिच्या डोक्यात काय होतं ते आता कधीच कळायचं नाही. साहेबांनी मला तीन महिने भास म्हटलं. आपण तिला सहा वर्षं म्हटलं.

सवड काढून ये. एकटीने आठवायचं हे नाही.

तुझी ताई