नाजियाची बिदाई, फुल एचडीत

१३ एप्रिल, रविवार
नाजियाच्या निकाहचा व्हिडिओ आला. पेन ड्राइव्हमध्ये, फुल एचडी. शूटिंगवाला म्हणे, भाऊ, पोरीच्या मेंदीची रेघ न् रेघ दिसते. वा!

अम्मीनं अजून काहीच पाह्यलं नाई. लग्नाच्या तीन दिवस आधी मोरीत घसरली, पायाले सहा हप्त्यांचं प्लास्टर. लग्न बल्लारपूरच्या हॉलात अन् नवरीची आजी इथी धानोऱ्यात बाजेवर. तिचा एकच सवाल, बिदाईत कोण कोण रडलं. मी सांगितलं, बाया रडल्या. मी नाई. मी जावयाच्या खांद्यावर हात ठेवून दोन वजनदार शब्द बोललो, बस. बापानं कसं राहावं हे लोकांनी माझ्याकडून शिकावं.

ठराव: अम्मी हा व्हिडिओ पाह्यीन तं नव्या त्रेचाळीस इंची टीव्हीवर, अस्सल एचडीत. २० तारखेच्या आत.

१४ एप्रिल
टीव्ही भिंतीवर बसवला. मुजफ्फर कूलर वर्क्सचं, म्हणजे माझ्याच दुकानाचं काम, अँगलची फ्रेम, चारही बाजूनं वेल्डिंग. घर पडीन, टीव्ही नाई पडणार. पेन ड्राइव्हचं भोक फ्रेमच्या मागं दबलं, बोटभर फट राह्यली. हरकत नाई, एचडीएमआयचं मोकळं आहे.

हेमराज आला. मासेमारी सोसायटीचं कॉम्प्युटरचं काम तोच पाह्यते, अन् लिलावातला जुना कॉम्प्युटर लिनक्स टाकून मले त्यानंच घेऊन देल्ला. म्हणे, वीतभर एक्स्टेंशन वायर लाव, व्हिडिओ टीव्हीतच चालते. वायर ठेवून बी गेला. मले हसू आलं. अशा वायरीनं क्वालिटी जाते हे सोसायटीवाल्याले कोण सांगीन? शगुफ्ताच्या मसाल्याच्या डब्यावर फेकून देल्ली. बायकोले काहीतरी बांधाले कामी येईन.

कॉम्प्युटरले एचडीएमआय नाई. म्हणजे ग्राफिक कार्ड पाहिजे. कॉम्प्युटर अम्मीच्या बाजेजवळ मांडला. घरातला कूलर तिथीच आहे.

१८ एप्रिल
चार दिवस इंटरनेटवर अभ्यास. लिनक्सवर कोणतं कार्ड एचडी चांगलं काढते? एक म्हणते हिरव्या डब्याचं घ्या. दुसरा म्हणते हिरवं घेणारा पस्तावते, लाल घ्या. तिसरा म्हणते ज्याले हे विचारावं लागते त्यानं लिनक्स वापरूच नाई. तिघांचं बी पटलं. वही भरली.

शगुफ्ता म्हणे, दुकानात लोकांचे सात कूलर उघडे पडले, एप्रिल चालू आहे, लोकं बोंबलून राह्यले. मी म्हणलो, माणसानं एका टायमाले एकच काम करावं.

२३ एप्रिल
चंद्रपूरहून कार्ड आणलं. जबरदस्त! पण उंच निघालं. कॉम्प्युटरचं कॅबिनेट ऑफिसातलं, चपटं. हेमराज म्हणे, लो प्रोफाइल, म्हणजे बुटकं, पाह्यचं होतं. हा माणूस सगळं नंतर सांगते.

मी कातर घेतली. पत्रा कापणं म्हणजे माझ्या हातचा मळ. कॅबिनेटच्या डोक्यावर खिडकी पाडली, खिडकीले झाकण, झाकणाले कडी. असं कॅबिनेट पूर्ण गडचिरोली जिल्ह्यात नसन. अम्मी बाजेवरून टाळ्या वाजवून राह्यली होती.

२४ एप्रिल
स्क्रीन काळी. कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, एक टाकला. त्यावर दुसरा. सेफ्टीसाठी तिसरा. हेमराजनं कपाळाले हात लावला अन् विचारलं, तू एकावर एक तीन शर्ट घालते का?

पण काळा रंग एकदम गर्द. साध्या क्वालिटीत एवढा काळा दिसतच नाई.

३० एप्रिल
ते कार्ड वापस. आज जे घेतलं ते पाहून मीच माझ्यावर खूष आहे. बिनपंख्याचं! पंखा म्हणजे आवाज, अन् आवाजात बिदाई ऐकू येणार नाई. हेमराजनं विचारलं, पंखाच नाई तं थंड कसं होईन? हवेनं, मी म्हणलो. हवा तं सगळीकडे आहे.

२ मे
हवा शेहेचाळीस डिग्री.

तरी चित्र आलं! पूर्ण पाच मिनिटं! मौलाना साहेबांनी पोरीले 'कबूल आहे का' विचाराले तोंड उघडलं अन् कार्ड तापून सगळं तिथीच थांबलं. अर्धा घंटा मौलाना तोंड उघडून बसले. अम्मी म्हणे, बिचाऱ्याले कोणी पाणी तरी द्या.

४ मे
उपाय सापडला, अन् तो माझ्याच दुकानात उभा होता. कूलर! चंद्रपूर-गडचिरोलीचा उन्हाळा न पाह्यलेल्या इंजिनिअरले हे कधीच सुचणार नाई. घरचा कूलर अम्मीले लागते, पण लालसूचा तयार होता. लालसू मुरूमगावकडचा, तेंदूपानाच्या फडीवर, म्हणजे खरेदीच्या जागी मुंशी, कूलरसाठी रोज फोन करते. त्याच्या कूलरचं तोंड सरळ कॅबिनेटच्या खिडकीत घातलं. नवीन गवत, पंप फुल. लालसूले सांगितलं, टेस्टिंग चालू आहे. यात एक शब्द खोटा नाई.

५ मे
कार्ड थंड झालं. कायमचं. हवेसोबत पाणी बी येते, हे वीस वर्षं कूलर बनवणाऱ्या माणसाच्या ध्यानातून एखाद्या वेळी जाऊ शकते. त्याच मिनिटाले घरची लाइट गेली. योगायोग.

लालसू स्वतः येऊन कूलर घेऊन गेला. जे बोलला ते गोंडीत होतं. जेवढं समजलं तेवढं पुष्कळ झालं.

१० मे
अम्मीची चिंता वाटते. व्हिडिओ पाहाले भेटला नाई तरी एकटीच हसत राह्यते. टीव्हीचा रिमोट उशीखाली घेऊन झोपते. वय झालं. दुपारी जेवाले आलो तं कपाटातला पेन ड्राइव्ह हाताले गरम लागला. ऊन काही चीज सोडून नाई राह्यलं. मसाल्याच्या डब्यावरची वायर हरवली. बरंच झालं.

संध्याकाळभर अम्मीच्या बाजेजवळ कॉम्प्युटर उघडून बसलो. तिनं माझ्या लहानपणीच्या गोष्टी सांगितल्या, मी स्क्रू पाडले, तिनं बॅटरी धरली. काम झालं नाई, पण नऊ कधी वाजले समजलं नाई.

१५ मे
तिसरं कार्ड. लो प्रोफाइल, छोट्या पंख्याचं, ड्रायव्हर लिनक्सच्या आतच. हेमराज म्हणते, हेच मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. माझ्या वहीत तशी नोंद नाई.

उद्या अम्मीचं प्लास्टर निघते. उद्याच शो. सगळा मोहल्ला बोलावला. चहा, समोसे.

१६ मे, शुक्रवार, संध्याकाळी
आलं! चित्र आलं! झरझर, कुठीच न अटकता! मेंदीची रेघ न् रेघ! मी उभ्या उभ्या नाचलो. मोहल्ल्यानं टाळ्या वाजवल्या.

आवाज नाई.

हेमराज सेटिंग उघडून बसला. तेवढ्यात अम्मी बाजेवरून बोलाले लागली. म्हणे, आता समधी म्हणीन, बिर्याणीत मीठ कमी आहे. टीव्हीत समध्याचे, नाजियाच्या सासऱ्याचे, ओठ तसेच हलले. मंग सासूबाईचं बोलणं, मंग फोटोवाल्याचं, शब्दाले शब्द. लोकं पोट धरून हसून राह्यले. मी चकित. अम्मीले ओठ वाचता कवापासून येते?

मंग बिदाई. गाडीच्या दरवाजाले एक जाडा माणूस लटकलेला. टोपी कानावर, नाक वाहून राह्यलेलं, दोघं जण त्याले ओढून राह्यले, तो सुटत नाई. त्रेचाळीस इंच, फुल एचडी. आसवाचा थेंब न् थेंब मोजून घ्या.

अम्मी जनमभर हिंदीत बोलते. पण हे वाक्य तिनं माझ्याच मराठीत म्हणलं, माझ्याच रडक्या आवाजात:

"मले बी घेऊन चाल वं, नाजिया."

कोणी हसलं नाई. शगुफ्तानं समोसे वाटाले घेतले.

१७ मे
शगुफ्तानं कबूल केलं. १९ एप्रिलपासून रोज दुपारी, मी दुकानात गेलो की वीतभर वायर लावून दोघी पाह्यत होत्या. मी विचारलं, क्वालिटी? म्हणे, चांगली होती.

अम्मीजवळ गेलो. म्हणलो, एक महिना मले काऊन सांगितलं नाई?

"सांगितलं असतं तं तू माझ्याजवळ बसला असता का?"

नाजिया गेल्यापासून घरात संध्याकाळी कोणी बोलत नाई, हे मले बी माहीत आहे.

हेमराज सांगाले आला की आवाज फक्त रिमोटनं बंद करून ठेवलेला होता, एक बटण दाबलं की झालं. मी त्याले हात धरून बाहेर नेलं.

ठराव: उद्यापासून दुकान, दिवसभर. फक्त संध्याकाळी आवाजाचं काम. अम्मीले सांगितलं, मोठा फॉल्ट आहे, पंधरा दिवस तरी लागतीन.

अम्मी म्हणे, घाई नको करू, महिना लागू दे.