नवव्या मुद्द्यावर उठलेला ताफा

सोलापूर, सोमवार

चिरंजीव बिरुदेव यास थोरला बंधू हिंदुराव याचे अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा, तुझी गृहिणी चि. सौ. गोजाबाई हिचा खोकला आणि तो शिंगमोडका मेंढा, या तिघांची प्रकृती याच क्रमाने कळवावी. (हे फोनवर विचारले असते, परंतु फोनवर तू मुद्दा पुरा होऊ देत नाहीस.)

माझी नात उत्कर्षा संगणकावर एक खेळ खेळते. त्यात हजारो माणसे घरबसल्या अंतराळयाने चालवतात आणि स्वतःचे गट स्थापतात. गटाचे नियम, पदे, हक्क सारे खेळणाऱ्यांनीच ठरवायचे. छत्तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेला मनुष्य घरात असताना हे काम बाहेर जाणे युक्त नव्हते. तिच्या गटाची घटना मी लिहिली. इतर गट ग्रहांसाठी भांडतात. आपल्या गटास ग्रहच नसावा, असे मी प्रतिपादिले. आपले वडील करीत तेच करावे: दुसऱ्याच्या रानात मेंढरे बसवावी, खत द्यावे, धान्य घ्यावे, पुढे निघावे. यानांच्या गाळाचे खत होऊन उजाड ग्रह पिकतात (खेळात तशी सोय आहे, मी तपासली). महिन्याभरात एक्केचाळीस याने जमली आणि निमंत्रणांची रीघ लागली.

दोष राहिला तो सातव्या कलमात. एकाही सभासदाची हरकत असल्यास तिचे निरसन झाल्याखेरीज ताफा उठणार नाही, असे ते कलम. अक्कलकोटच्या अक्कम्माच्या ग्रहावर आम्ही बसलो असता टेंभुर्णीच्या अभिमन्यूने हरकत घेतली की आणखी थोडे बसावे. मी निरसन आरंभिले. चौथ्या मुद्द्यापर्यंत खत इतके साचले की तिची पिके करपू लागली. "आजोबा, भाषण ऱ्हाऊ द्या, तुमची मेंढरं उठवा की!" अक्कम्मा ओरडत होती. अभिमन्यू म्हणे, "सर, हरकत मागं घेतो की मी! लई चूक झाली!" परंतु घेतलेली हरकत मागे घेण्याची तरतूद कलमात नाही. तेवढ्यात तुझा फोन आला. तो उचलून मी बाजूस ठेवला, नववा मुद्दा मांडला, आणि एक्केचाळीसच्या एक्केचाळीस याने एकदम उठली. युक्तिवादाचे सामर्थ्य ते हेच.

अक्कम्माची मागणी आहे की आमचा गट बरखास्त व्हावा. अखेर ठरले ते असे: येत्या रविवारी सायंकाळी पाचला सर्व गटांदेखत ताफा पुन्हा तिच्या ग्रहावर बसेल. सांगितल्या क्षणी उठला नाही तर गट संपला. उत्कर्षा दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही, मात्र घटनेचा कागद तिने भिंतीवरून काढलेला नाही. मी माघार घेणार नाही.

तुझा
हिंदुराव

ता. क. एका रानात मेंढरे किती मुक्काम बसवावी, हे तुझ्या सहीनिशी लेखी पाठव. पुरावा म्हणून जोडीन.

आणखी एक ता. क. उत्कर्षाने हे पत्र वाचले आणि ती बोलली. ती म्हणते, मी तुझा फोन बाजूस ठेवला त्या वेळी खेळातला माझा माइक चालू होता, आणि तुझ्या फोनमधून गोजाबाईचा आवाज साऱ्या ताफ्यास गेला: "उठा की आता! किती बसायचं? रान जाळताव व्हय?" ती मेंढरांशी बोलत होती. नववा मुद्दा कोणी ऐकलाच नाही. मी तिन्ही बाजूंनी तपासले. मुलगी म्हणते ते खरे आहे. तेव्हा लेखी काही पाठवू नकोस. रविवारी पाचला गोजाबाईस फोनपाशी बसव. सातवे कलम मी आज रद्द केले आहे. उठा म्हणताना तिने कारणे देण्याची आवश्यकता नाही.