भोवळ

४ जून
आले एकदाची धाकट्याकडे! घर छान आहे, हवेशीर. खाली बैठक नि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या, मध्ये दगडी जिना. हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरीच जातात, म्हणून त्यांतच लिहितेय. नवी वही कशाला! जामिनावर सुटल्यापासून धाकटा एकटाच राहत होता. भावजय त्या जिन्यावरून पडून गेली आणि पोलीस म्हणतात, यानंच ढकललं. माझा भाऊ! झुरळ मारायलासुद्धा मला हाका मारायचा. तो तर तेव्हा बाजारात गेला होता. मला पाहून म्हणाला, ताई, आता घराला घरपण येईल. देवाला हात जोडले आणि केर काढायला घेतला.

७ जून
कोर्टात माझी साक्ष आहे. भावजयीला भोवळ यायची, एवढंच सांगायचं. माझ्यासमोर एकदा आली होती, त्यात खोटं नाही. वकीलसाहेबांना मात्र ‘वारंवार’ हवंय. मी म्हटलं, देवाची शपथ घेऊन एकदाचं वारंवार कसं करू? तर हसले.
संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी तालीम चालते. धाकटा समोरचा वकील होतो नि मला उलटसुलट विचारतो. काय ते खाकरणं, काय तो नाकावरचा चष्मा! पोट धरून हसले. बाकी दिवसभर बोलायला चिटपाखरू नाही. मी अंगणात आले की शेजारीण खिडकी लावून घेते.

११ जून
आज तालीम जिन्यावर. भोवळ आलेलं माणूस पडतं कसं, असं समोरचा वकील विचारेल म्हणे. मला वरच्या पायरीवर उभं केलं. मी कठड्याला हात लावला, तर मागून म्हणाला, छे गं, कठडा कुठला, तिचे दोन्ही हात टॉवेलांच्या घड्यांत अडकलेले होते.
मग माझ्याकडे न बघताच वळला. पाणी प्यायला खाली गेला.
कोर्टाचे सगळे कागद मी वाचलेत. टॉवेलांचं त्यांत अक्षर नाही. टॉवेल कपाटात आहेत, नीट घड्या घातलेले.

१२ जून
जपात मन लागेना. बाजारातून आल्यावर पाहिले असतील, घाबरून उचलून ठेवले असतील, अशी मनाची समजूत घातली. शेवटी विचारलंच. म्हणाला, कसले टॉवेल? माझ्या हातातली जपमाळ काढून घेतली. मग मायेनं म्हणाला, ताई, दमलीस तू.

१४ जून
वकीलसाहेबांना सांगून आले — शपथ घेतली की टॉवेलांचंही सांगणार. त्यांनी कागद आवरले. आता ते धाकट्याला सांगतील. सांगितलंच असेल.

१६ जून
शेजारणीनं आज पहिल्यांदाच आपणहून हाक मारली. इतकं बरं वाटलं! तर विचारते, आता भोवळ कशी आहे? मला कुठे भोवळ येते, म्हटलं. ती म्हणाली, भाऊ सांगत होते, काल दोनदा आली.
दूधवाल्यालाही तेच ठाऊक. जिन्यावर जपा, म्हणाला.

१८ जून
डॉक्टरांना घेऊन आला. मी ठणठणीत आहे, म्हटलं. ते त्याच्याशीच बोलत राहिले. त्यांना सोडायला जाताना धाकट्यानं बाहेरून कुलूप लावलं — आजारी माणसानं भटकू नये म्हणे. खिडकीतून शेजारणीला हाका मारल्या. तिनं हात हलवला, विश्रांती घ्या, असं खुणेनं सांगितलं, आणि खिडकी लावून घेतली.
देवा, उद्यापर्यंत सांभाळ.

१९ जून
आज साक्ष. आंघोळ करून तयार बसलेय. कोर्टात माणसं असतील, न्यायाधीश असतील. तिथवर पोचले की झालं —

गाडी आलीच नाही. म्हणतो, तारीख पुढे गेली. साक्षीदार आजारी आहे, असा अर्ज दिलाय. कोण साक्षीदार, विचारलं. तर हसला — अगं, तूच की.

वरून हाका मारतोय. ताई, जरा वर ये. अगदी लहानपणचाच आवाज. नाही जाणार — नाही —

तोच उतरतोय. म्हणतो, ये, हात धरतो, पडायची नाहीस. मीच याला बोट धरून चालायला —