खंडेनवमीला बंद केलेलं मशीन

आबा, तुमचा आवाज मी घालवला. सरळच सांगते, गोल गोल बोलायला मला कधी जमलं न्हाय, तुमचीच लेक. शिवाजी पेठेतल्या आपल्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात तो जुना कॉम्प्युटर तुम्हीच आणून ठेवला होता. कुठल्यातरी ऑफिसानं काढून टाकलेला, पिवळा पडलेला. मी म्हटलं, "ह्या डबड्याचं काय लोणचं घालायचंय?" तुम्ही म्हणाला, "नातीला शिकू दे. तू सातवीतनं पळालीस, ती तरी बसंल." मग एक दिवस तुमच्या नातीनं त्याला माइक जोडून तुम्हाला समोर बसवलं. तुम्ही पान थुंकून आला, टोपी सरळ केली, जसा काय फोटोच काढायचाय. मला शिव्या घातल्या, बेअरिंगचं काहीतरी सांगितलं, शेवटी हसला. तुम्ही गेल्यावर ते मी एकदाबी लावून ऐकलं न्हाय. कवाबी ऐकता येतंय की, म्हणून.

मागच्या दसऱ्याच्या आधी तो मधेच थिजायला लागला. आतनं टक् टक् आवाज. तुम्ही मोटारीचं बेअरिंग ऐकायचा तसा मी तुमचा लांब स्क्रूड्रायव्हर डब्याला टेकवला आणि मूठ कानाला लावली. टक्, टक्, मग किर्र. जातंय एवढं कळलं, पुढं काय करायचं ते न्हाय कळलं. पेठ वडगावचा एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाला स्कूटरवरनं आला. खोलून बघितलं आणि म्हणाला, "मावशी, हार्ड डिस्क जायला लागलीय. सगळं ह्यातच साठवलेलं असतंय. आवाज फ्लॉपीत मावायचा न्हाय, ह्याला बसंल अशी दुसरी डिस्क हुडकून आणतो. दसऱ्याला येतो. तवर ह्याला बंद करू नका. थंड झालं की आतनं चिकटतंय, परत फिरंल का न्हाय सांगता येत न्हाय."

"कळलं की. येडी हाय काय मी?" मी म्हटलं.

आणि खंडेनवमी आली. मी दुकान धुते, तुमचं ड्रिल, पक्कड, वाइंडिंगचं मशीन पुसून पाटावर मांडते, हळद-कुंकू लावते, झेंडू वाहते. तुमचा नियम, आज हत्याराला सुट्टी, आज कुणी बटन दाबलं तर हात मोडीन. ऊस वाळतोय म्हणून पंप घेऊन आलेल्या पावण्यालाबी तुम्ही उद्या ये म्हणून परत लावलं होतं. कॉम्प्युटरलाबी कुंकू लावलं, हार घातला, आणि माझा हात आपोआप मागं गेला. बटन बंद. हात जोडून घरी गेले. संध्याकाळी दिवा लावायला आले तर दुकान लई गप्प वाटलं. तवा कळलं. धावत बटन दाबलं. पंखा फिरला, डिस्क न्हाय. स्क्रूड्रायव्हर कानाला लावला तर आत काहीच न्हाय. दवाखान्यात तुमच्या छातीवर कान ठेवला होता, तसलंच गप्प.

दुरुस्तीवाल्याला फोन केला. "पावणं, बंद पडलाय."

"पडलाय का पाडलाय?"

"पाडलाय!" मी ओरडले. "खंडेनवमी हाय की!"

तो म्हणाला, "माझीबी हत्यारं पाटावरच हायत, मावशी. उद्या उजाडताच येतो."

दसऱ्याला लोक सोनं वाटत हिंडत होते आणि आम्ही दुकानाचं अर्धं शटर ओढून बसलो होतो. त्यानं डिस्क तळहातावर धरली आणि मनगटाला हिसका दिला. काही न्हाय. परत दिला. मी म्हटलं, "जोरात की! बायको हाय काय ती, भ्यायला?"

"फोडू काय?" तो खेकसला. आणि त्याच हिसक्याला ती फिरली. बारीक शीळ घालत फिरली, आबा. आवाज नव्या डिस्कवर उतरायला लागला, पडद्यावरची निळी पट्टी पुढं सरकायला लागली आणि मी टेबलाची कड धरून तिला सरक, सरक म्हणत होते. अर्ध्याच्याबी आधी टक् झालं. मग किर्र. मग काहीच न्हाय. परत किती हिसके दिले, हात दुखला बिचाऱ्याचा.

आलं तेवढं त्यानं लावलं. तुमचा खोकला. खुर्ची सरकवलेली. मग तुम्ही विचारता, "चालू झालं का गं हे?" संपलं. बेअरिंग गेलं, हसू गेलं. शिवी कुठली घातली होती तेबी आता आठवत न्हाय. डोकं फोडून घेतलं तरी आठवत न्हाय. मला ती शिवी पायजे होती, आबा. तो पावणा फडकं घेऊन डब्यावरचं कुंकू पुसत बसला.

हे पत्र टाकायचं कुठं? उद्या पाट मांडला की तुमच्या पक्कडीखाली ठेवीन. आणि एक सांगायचं राहिलं. परत खंडेनवमी आलीय. बाकी सगळ्याला सुट्टी देणार, पण तुमचा आवाज ज्यात हाय तो कॉम्प्युटर मी बंद करणार न्हाय. झेंडू चालत्या मशीनवरच वाहणार. हात मोडायचा तर मोडा. दुकानात कोण नसलं की मी तेवढंच लावते. तुम्ही विचारता, चालू झालं का गं हे, आणि मी मोठ्यानं सांगते, व्हय आबा, चालूच हाय, बोला की.